यवतमाळचा जिन

दिवाळीच्या आसपास यवतमाळ, वणी, पांढरकवडा, घाटंजी, राळेगाव, दारव्हा या बाजारगावांच्या बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. पूर्वी बैलगाड्या असत, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि छोटे टेम्पो असतात. हा माल जिथे रिकामा होतो त्या जागेला शेतकरी, हमाल, अडते, व्यापारी सगळेच ‘जिन’ म्हणतात, नाहीतर ‘जिनिंग’. जिनात कापूस नेला, जिनात कामाला गेली, जिनाला आग लागली. हा शब्द इथे इतका मुरला आहे की तो इंग्रजी आहे याची कुणाला आठवणही होत नाही. इथे येऊन त्याचा अर्थही पसरला. इंग्रजीत जिन म्हणजे यंत्र. यवतमाळात जिन म्हणजे सगळे आवार: वजनकाटा, कापसाच्या गंजी, पत्र्याची लांब शेड, गाठी बांधायचा प्रेस, सरकीचा ढीग आणि मुनीमजींची खोली.

या एका शब्दाचा माग काढत गेले की वऱ्हाडच्या दीडशे वर्षांचा इतिहास उलगडतो. तो शब्दकोशात सुरू होतो आणि शेतकऱ्याच्या बियाण्यापाशी येऊन थांबतो.

शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘इंजेनियम’ म्हणजे अंगची, जन्मासोबत आलेली बुद्धी. यातला ‘जेन’ हा धातू आणि आपल्या संस्कृतातला ‘जन्’ हे एकाच कुळातले. जन्म, जनक, जननी हे आपले शब्द आणि जिन हा त्यांचा, नाते दूरचे असले तरी रक्ताचे आहे. लॅटिनमधून हा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये ‘एंजिन’ होऊन उतरला. तिथे आधी त्याचा अर्थ कसब, युक्ती असा होता. मग युक्तीने बनवलेल्या वस्तूलाही तेच नाव मिळाले. किल्ल्याच्या तटावर धोंडे फेकणारे यंत्र हे एंजिन, आणि ते बनवणारा तो एंजिनियर. आपल्याकडे गावोगाव रस्ते-पूल बांधणारा इंजिनियर मुळात वेढ्यातला कारागीर आहे. इंग्रज माणसाने रोजच्या बोलण्यात या शब्दाचे पहिले अक्षर खाल्ले आणि ‘जिन’ उरला. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या काव्यात पितळी घोड्याच्या आत दडवलेल्या करामतीसाठी तो येतो. पाखरे धरायच्या फाशाला जिन म्हणत, खाणीतून कोळसा वर ओढणाऱ्या घोड्याच्या रहाटाला जिन म्हणत, जड वजन उचलायच्या तिकाटण्यालाही जिनच म्हणत. बुद्धी, युक्ती, यंत्र आणि सापळा, एवढे सगळे अर्थ एका शब्दात मावले होते. त्यातला शेवटचा अर्थ वाचकाने जरा लक्षात ठेवावा.

कानाला सारखे वाटणारे दुसरे शब्द इथेच वेगळे काढून ठेवतो. बाटलीतली जिन निराळी. ती डच ‘जेनेव्हर’वरून आली आणि जेनेव्हर हे ज्युनिपर नावाच्या झुडपाचे नाव, कारण त्याच्या फळांचा वास त्या दारूला देतात. दिव्यातला जिन्न अरबी. घोड्यावर कसतात ते जीन फारसी. जैनांचा जिन संस्कृतातला, ‘जि’ म्हणजे जिंकणे या धातूचा. आणि पॅंटची जीन्स इटलीतल्या जेनोआ शहराच्या फ्रेंच नावावरून आलेली. ही शेवटची जीन्स मात्र यवतमाळच्या गोष्टीत पुढे आपल्या पायांनी चालत येणार आहे.

जिन येण्याआधी वऱ्हाडात कापसातून सरकी काढत नव्हते असे कोण म्हणेल? अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत सपाट दगडावर बारीक लाटणे फिरवून सरकी वेगळी करणारी बाई अभ्यासकांनी ओळखली आहे. पुढे चरखी आली. दोन उभ्या खांबांमध्ये एकावर एक असे दोन लाट, त्यांच्या टोकाला मळसूत्री दाते आणि बाजूला फिरवायचा दांडा. बाईने उजव्या हाताने दांडा फिरवायचा, डाव्या हाताने कापूस लाटांच्या फटीत द्यायचा. रुई पलीकडे निघून जाते आणि सरकी फटीत मावत नाही म्हणून अलीकडेच गळून पडते. दिवसभरात काही शेरच काम होई. पण ते घरात होई, बायकांच्या हाताने होई आणि रुई व सरकी दोन्ही त्याच घरात राहत. चांगल्या झाडाची टपोरी सरकी पुढच्या मृगासाठी बाजूला निघे, बाकीची म्हशीच्या दाण्यात जाई. इंग्रजांनी या चरखीचा शब्दही आपल्या भाषेत नेला. कापसाच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘चुर्का’ म्हणून ती भेटते.

आता अमेरिकेत जाऊ. १७९३ साली जॉर्जियातल्या एका मळ्यावर पाहुणा म्हणून राहिलेल्या एली व्हिटनी या तरुणाने कापसाचा नवा जिन बनवला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्याला पेटंट मिळाले. जिन हे नाव काही त्याने दिलेले नव्हे. लाटांच्या जुन्या यंत्रांनाही तिकडे जिनच म्हणत. व्हिटनीची करामत वेगळी होती. लाटाऐवजी त्याने दात्यांचे फिरते नळकांडे घेतले. दाते जाळीच्या फटीतून आत शिरतात, तंतू ओढून नेतात आणि सरकी जाळीला अडून मागे राहते. हे यंत्र घोड्याने फिरवले तर पन्नास माणसांचे काम एक माणूस करील असे त्याने वडिलांना पत्रातून कळवले होते.

माणसाचे श्रम वाचले म्हणजे माणसाची सुटका झाली असे वाटावे. झाले उलटे. सरकी काढण्याची अडचण संपल्यावर कापूस हवा तेवढा पेरता येऊ लागला आणि वेचायला हात कमी पडू लागले. अमेरिकेत १७९० च्या शिरगणतीत सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० मध्ये ते चाळीस लाखांच्या घरात गेले. मॅंचेस्टरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी जवळपास चार-पंचमांश कापूस या गुलामांच्या हातचा होता. सापळा हा जिनचा जुना अर्थ इतक्या भयंकर रीतीने कुठेच खरा झाला नसेल.

१८६१ मध्ये तिकडे यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, लॅंकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या आणि इंग्लंडची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. मुंबईत कापसाचे भाव काही पटींनी चढले. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या काळातली ती शेअर बाजाराची धुंदी आणि १८६५ चा तो कोसळा, ही गोष्ट मुंबईच्या इतिहासात पुष्कळदा सांगून झाली आहे. तो पैसा ज्या काळ्या जमिनीतून निघाला तिची गोष्ट त्या मानाने फार कमी सांगितली गेली. युद्ध संपले, गुलाम मुक्त झाले. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केले ज्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून सोडवले. पुण्यात हे पुस्तक निघत होते त्याच वर्षांत त्या युद्धाने जागे केलेला कापसाचा धंदा वऱ्हाडात बस्तान बसवत होता.

वऱ्हाड तेव्हा मोठ्या चमत्कारिक अवस्थेत होता. मालक निजाम, कारभारी इंग्रज. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. काळ्या कापसाळ जमिनीचा हा पट्टा इंग्रजांना का हवा होता हे सांगायला नको. आजचा यवतमाळ जिल्हा १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाड म्हणून निराळा काढला गेला, मग त्याला वणीवरून ‘वून’ जिल्हा म्हणू लागले. १९०५ मध्ये वऱ्हाडची फेरमांडणी झाली तेव्हा वाशीम जिल्हा मोडला, त्यातला पुसद तालुका इकडे जोडला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. मूळ गावाचे नाव येवता. त्याला परगण्याचा ‘महाल’ जोडला आणि झिजून यवतमाळ झाले. ऐन-इ-अकबरीत हाच महाल ‘योत लोहारा’ म्हणून नोंदला आहे, आणि लोहारा हे गाव आजही यवतमाळला खेटून आहे.

युद्ध संपताच हिंदुस्थानी कापसाचे भाव पडले, पण सरकारने हात आखडला नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांच्यासाठी कापूस कमिशनर नेमला गेला, हॅरी रिव्हेट-कार्नॅक. त्याचे अहवाल आज वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यात काहीही लपवलेले नाही. रेल्वे गावापर्यंत न्यावी, कापूस बाहेर काढावा, विलायती कापड आत आणावे, इथला साळी-कोष्टी मागावरून उठला की तोच हात शेतात कापूस पिकवील, हा हिशेब तो सरळ मांडतो. वऱ्हाडातून जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेचा फाटा १८६७ मध्ये नागपूरला पोचला. १८७० मध्ये खामगावचा खास कापसासाठी टाकलेला फाटा उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एका कापूसबाजाराच्या आठ मैलांच्या रुळासाठी व्हाइसरॉयने यावे, यावरून या पिकाची किंमत कळते. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला ‘उमरा’ असे नाव पडले. ते अमरावतीचे, जुन्या उच्चारातल्या उमरावतीचे रूप होते.

यवतमाळला मात्र रेल्वे नव्हती. जवळचे स्टेशन धामणगाव, एकोणतीस मैलांवर. पक्का रस्ता झाला आणि कापसाच्या गाड्या त्या रस्त्याने उत्तरेला जाऊ लागल्या. आता गाडीभर कापसात दोन हिस्से वजन सरकीचे आणि एक हिस्सा रुईचे. सरकीसकट कापूस धामणगावपर्यंत ओढून नेणे म्हणजे बैलांना फुकट राबवणे. म्हणून जिथे कापूस पिकतो तिथेच सरकी काढावी आणि रुईच्या दाबलेल्या गाठी करून धाडाव्यात, हा हिशेब व्यापाऱ्यांना लवकर पटला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत वऱ्हाडच्या बाजारगावांत वाफेवर चालणारे कारखाने उभे राहिले. धुराडे, बॉयलर, लांब शेडीत ओळीने मांडलेली यंत्रे. ‘जिन’ हा शब्द या धुराड्यांबरोबर वऱ्हाडी बोलीत आला.

आणि इथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण शाळेच्या पुस्तकांतून ती चुकीची डोक्यात बसते. यवतमाळला जो जिन आला तो व्हिटनीचा नव्हता. दात्यांचा जिन धारवाडकडे अमेरिकन जातीच्या कापसावर चालला. वऱ्हाडच्या देशी कापसाचा धागा अमेरिकन कापसापेक्षा आखूड, सरकीला घट्ट धरून बसणारा. दाते त्याचे तुकडे करीत. इकडे रुजला तो अमेरिकेतल्याच फोन्स मॅकार्थीने १८४० मध्ये पेटंट घेतलेला लाटाचा जिन. तो ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने बनवून जगभर विकला. त्याचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. लाकडी लाटावर जाड कातडे चढवलेले असते आणि त्यावर तिरक्या खाचा पाडलेल्या असतात. लाटाला टेकून एक स्थिर पाते बसवलेले असते. फिरते कातडे कापसाचा तंतू पकडून पात्याखालून ओढून नेते. सरकी पात्याला अडते, आणि दुसरे एक पाते वर-खाली हलत तिला टोले देत राहते. दोन-चार टोल्यांत तंतू सुटतो आणि सरकी जाळीतून खाली पडते. सगळा खेळ कातड्याच्या खरखरीतपणावर आहे. त्यासाठी सुरुवातीला वॉलरसचे कातडे वापरत. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात राहणाऱ्या प्राण्याचे कातडे मॅकार्थीच्या जिनावर चढून बोंडाबोंडातून तंतू ओढत असे.

तत्त्व पाहिले तर हा जिन आपल्या चरखीचाच भाऊबंद आहे. लाटाने ओढायचे आणि फटीने अडवायचे. आजही आपल्याकडच्या बहुतेक जिनांत दोन लाटांची यंत्रेच चालतात, दात्यांची फार थोडी. ती यंत्रे आता ओल्डहॅमहून येत नाहीत, नागपुरात बनतात आणि आफ्रिकेपर्यंत जातात. कातड्याच्या लाटातून क्रोमियमची धूळ उडते हे लक्षात आल्यावर त्याला रबराचा पर्याय शोधण्याचे काम मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने केले. या संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे.

जिनात राबले कोण? चरखीवर ज्यांचे हात होते त्याच बायका. फरक एवढाच की आता घर सुटले आणि भोंगा आला. यंत्रासमोर उभे राहून कापूस हाताने भरायचे काम बायकांचे. पुरुषांपेक्षा मजुरी कमी, हवेत तंतूंचा धुरळा, आणि हंगाम ऐन भरात असला की दिवस-रात्रीचा हिशेब नाही. १८८४-८५ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगापुढे खानदेशातल्या जिनांविषयी साक्षी झाल्या. पहाटे चार-पाचपासून रात्री उशिरापर्यंत बायका यंत्रावर उभ्या असतात, हंगामात आठ-आठ दिवस हे असेच चालते, असे त्यांत सांगितले गेले. त्याच सुमारास नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्याची सुट्टी मागत होते. मुंबईच्या गिरण्यांना रविवार मिळाला. जिन मात्र ‘हंगामी कारखाना’ ठरला. १९३४ च्या कारखाना कायद्यातही बारमाही कारखान्यात आठवड्याचे चोपन्न तास आणि हंगामी कारखान्यात साठ तास असा भेद लिहूनच ठेवला होता. कापूस थांबत नाही, हे कारण. कापूस थांबत नाही हे खरेच आहे, पण त्याची किंमत प्रत्येक वेळी त्याच बाईने का द्यावी याचे उत्तर त्या कायद्यात नाही.

आता सरकीकडे येतो. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

चरखी घरात होती तोवर शेतकरी रुई विकत असे आणि बी राखत असे. जिन आला तसा शेतकरी सरकीसकट कापूस विकू लागला. सोपे होते, रोख पैसे लगेच मिळत. पण दहा गावांचा कापूस एका गंजीत पडला की दहा गावांची सरकी एका ढिगात मिसळते. पुढच्या पेरणीला शेतकऱ्याला बी लागले की तो त्याच जिनाच्या दारात जाई आणि त्या ढिगातले बी घेई. जातीची शुद्धता अशी गेली. शिवाय जिनाला कोणता कापूस हवा? ज्याचा उतारा जास्त तो. उतारा म्हणजे शंभर भाग कापसातून किती भाग रुई सुटते ते. वऱ्हाडचा जुना बनी कापूस तलम, लांब धाग्याचा, पण त्याचा उतारा कमी. जरी कापूस जाडाभरडा, पण लवकर येणारा आणि जास्त देणारा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जरीने बनीला शेतातून हुसकावले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पांढऱ्या फुलाचा रोझियम आला. त्याचा धागा आखूड पण उतारा भरघोस, म्हणून त्याने जरीलाही मागे टाकले. पुढे अकोल्याच्या सरकारी शेतावर व्हेरमसारख्या सुधारित जाती निघाल्या, सरकारने शुद्ध बियाणे वाटायचे प्रयत्न केले. ज्या बनीच्या सुतावर इथले कोष्टी तलम कापड विणत तो तोवर बाजारातून जवळजवळ नाहीसा झाला होता. कुणी कट केला म्हणून हे झाले नाही. काट्यावर ज्याला भाव तेच शेतकऱ्याने पेरले. पण भाव ठरवणारा काटा त्याच्या घरातून जिनात गेला होता.

जिनांचे मालकही हळूहळू एकमेकांना धरून वागू लागले. कारखाने कापसाच्या मानाने जास्त झाले तेव्हा वऱ्हाड-खानदेशात मालकांनी ‘पूल’ केले. काही जिन चालवायचे, काही बंद ठेवायचे, दर एक ठेवायचा आणि बंद जिनाच्या मालकालाही नफ्याचा वाटा द्यायचा. शेतकऱ्याला चार जिन दिसत, पण दर एकच. कापसात पाणी मारणे, हलका माल भारी मालात मिसळणे हेही वाढले आणि परदेशी गिऱ्हाईक कुरकुरू लागले. १९१७ मध्ये नेमलेल्या मॅकेना यांच्या कापूस समितीने हे सारे नोंदवले. तिच्या शिफारशींतून १९२१ मध्ये मध्यवर्ती कापूस समिती उभी राहिली आणि १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला. प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण आणि अनुक्रमांक मारायची सक्ती त्याच कायद्याने आली. बाजाराच्या बाबतीत मात्र वऱ्हाड देशाच्या पुढे होता. दारव्ह्याच्या पलीकडे असलेल्या कारंज्याला १८८६ मध्येच नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे मूळ तिथे आहे.

रेल्वेही अखेर यवतमाळला आली, आणि तीही कापसासाठी. मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटरची ही अडीच फुटी गाडी, लोकांची लाडकी शकुंतला. कारंजा, दारव्हा, लाडखेड अशी गावे घेत ती कापसाच्या गाठी मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीवर पोचवायची. मॅंचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले तिचे वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावले. एंजिनाचा एक तुकडा जिन होऊन शेडीत उभा होता आणि दुसरे अख्खे इंजिन त्याच्या गाठी ओढत होते. स्वातंत्र्यानंतरही हा लोहमार्ग खासगी कंपनीच्याच मालकीचा राहिला आणि रेल्वे खाते त्याचा मोबदला भरत राहिले.

जिनाला नाकारणारी एक चळवळही शेजारच्या वर्धा जिल्ह्यात झाली. गांधीजींच्या खादीत कातण्याआधी कापूस हाताने लोढायची, म्हणजे त्यातली सरकी काढायची, शिस्त होती. त्यासाठी सलाई-पटरी असे. लाकडाची फळी आणि तिच्यावर दाबून फिरवायची लोखंडी सळई. अजिंठ्याच्या चित्रातले जे लाटणे तेच हे. धाग्याची ताकद जिनात मार खाते, हातात टिकते, हे खादीवाले अनुभवाने सांगत. त्यांचे म्हणणे खरे होते. पण गावागावांतून निघणारा कापूस तेवढ्या हातांनी लोढून होण्याजोगा नव्हता, हेही तेवढेच खरे.

स्वातंत्र्यानंतर सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्था निघाल्या. १९७२ मध्ये महाराष्ट्राने एकाधिकार कापूस खरेदी सुरू केली आणि पणन महासंघाच्या खुणेच्या गाठी जिल्ह्यातल्या जिनांतून बाहेर पडू लागल्या. शेतकऱ्याच्या कापसाला खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले आणि अंतिम भावात वाटा मिळायची सोय झाली, हे त्या योजनेचे मोठे काम. चुकारे रखडले, तोटा साचला आणि या शतकाच्या सुरुवातीला एकाधिकार संपला. बियाण्याचे म्हणाल तर १९७० मध्ये सुरतेला सी. टी. पटेलांनी एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस काढला, आणि २००२ मध्ये जनुक बदललेला बीटी कापूस आला. संकरित सरकी राखून पुन्हा पेरली तर पीक एकसारखे येत नाही. चरखी गेली तेव्हा जे बी शेतकऱ्याच्या घरातून जिनात गेले होते, ते आता जिनातूनही निघून कंपनीच्या पाकिटात गेले. दर मृगाला पाकीट विकत घ्यायचे आणि त्यासाठी उसनवारी करायची. कोरडवाहू शेतीत पाऊस फिरला की पाकीट आणि उसनवारी दोन्ही दुप्पट. यवतमाळ जिल्ह्याचे नाव गेली वीस-पंचवीस वर्षे वर्तमानपत्रांत शेतकरी आत्महत्यांच्या ज्या दुःखासाठी येते, त्याला एकच कारण नाही. पण त्या कारणांच्या साखळीतली ही कडी जुनी आहे, आणि ती जिनाच्या दारात घडली.

१९९० च्या दशकात लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडचा डेनिमचा कारखाना आला. ऐन-इ-अकबरीतल्या योत लोहाऱ्यात आता जीन्सचे कापड विणले जाते. डेनिम हे नाव फ्रान्समधल्या नीम शहराचे, जीन्स हे जेनोआचे, आणि तशाच जाड कापडाला इंग्रजीत असलेले तिसरे नाव, डंगरी, हे मुंबईच्या डोंगरीचे. कापसाच्या जिनाशी या जीन्सचा शब्दाने काहीच संबंध नाही. कापसाने मात्र तो जोडला.

खंडीचेही असेच आहे. वीस मणांची आपली खंडी पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेली आणि तिथे ‘कॅंडी’ झाली. मुंबईत तिचे वजन ७८४ पौंड ठरले, ३९२ पौंडांच्या बरोबर दोन गाठी. आजही देशातला रुईचा भाव या ३५६ किलोच्या कॅंडीतच निघतो. म्हणजे जिनाच्या एका दारातून कापूस क्विंटलच्या भावाने आत येतो आणि दुसऱ्या दारातून रुई कॅंडीच्या भावाने बाहेर पडते. दोन भाव, दोन मापे. मधले गणित ज्याला येते तो जिनवाला.

ते गणित अवघड नाही. शंभर किलो कापसातून साधारण चौतीस-पस्तीस किलो रुई निघते. बाकीची सरकी तेलाला आणि ढेपेला जाते, थोडी घट येते. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) काट्यावर धाग्याची लांबी पाहतात, ओलावा पाहतात. ओलावा आठ टक्क्यांवर गेला की पैसे कापतात, बारावर गेला की कापूस घेतच नाहीत. उतारा मात्र शेतकऱ्याला सहसा कुणी सांगत नाही. एकाच गावातल्या दोन शेतांच्या कापसात दोन-तीन टक्क्यांचा फरक असू शकतो, आणि शंभर क्विंटलला तो फरक दोन-तीन क्विंटल रुईचा होतो. शेतकरी उत्पादक कंपन्या आता जिल्ह्यात निघत आहेत. त्यांनी आपल्या सभासदांचा कापूस स्वतः पैसे भरून लोढून घ्यावा, रुई आणि सरकी दोन्ही आपल्या नावावर विकावी. आणि ज्याला ते जमणार नाही त्या शेतकऱ्याने निदान या हंगामात गाडी काट्यावर लावताना मुनीमजींना एक प्रश्न विचारावा: माझ्या कापसाचा उतारा किती पडला?